परसबागेतील कांद्याची फुले

कांद्याला फूल येते ही गोष्ट शेतकऱ्याला नवी नाही. परंतु ते पाहून त्याला आनंद होत नाही. पोसत आलेल्या वाफ्यात पोकळ दांडे वर निघाले, की डेंगळे आले म्हणून तो कपाळाला हात लावतो. ते स्वाभाविकच आहे, कारण दांडा धरलेला कांदा नीट पोसत नाही व चाळीत टिकत नाही. याच कांद्याच्या भाऊबंदांना युरोपातील बागांमध्ये मात्र मोठा मान आहे. मूळच्या मध्य आशियातील डोंगराळ मुलखातल्या काही शोभेच्या जाती छातीइतक्या उंच दांड्यावर चेंडूसारखे जांभळे गोंडे धरतात, आणि त्यांच्या कंदांचा मोठा व्यापार हॉलंडमधून चालतो.

त्यांची चित्रे पाहून असे कंद मागवावेत अशी इच्छा कोणा हौशी बागाईतदाराला झाली तर नवल नाही. हौसेला मोल नसते हे खरे. पण या जातींना फुलण्यासाठी हिवाळ्यात कित्येक आठवडे कडक थंडी लागते, आणि महाराष्ट्राच्या पठारावर ती मिळत नाही. केवळ शोभाच हवी असेल तर चपट्या पानांचा, चांदणीसारख्या पांढऱ्या फुलांचा चिनी पातीकांदा कुंडीतही सहज वाढतो. मणिपूरकडे तो परसातील नेहमीचे झाड आहे.

परंतु परसाची शोभा वाढविणारा खरा कांदा घरच्या चाळीतच पडलेला असतो.

कांदा हे वास्तविक दोन हंगामांचे पीक होय. पहिल्या हंगामात ते कंदात अन्न साठविते व दुसऱ्या हंगामात ते अन्न खर्चून फुलते. येथील वाणांना फुलण्यासाठी दख्खनचा हिवाळा पुरतो. चांगले कांदे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत परसात लावले, तर जानेवारी-फेब्रुवारीत कमरेइतके दांडे येऊन प्रत्येकाच्या टोकाला शेकडो पांढऱ्या फुलांचा गोंडा उमलतो. हे फूल देवाला चालत नाही आणि वेणीतही माळता येत नाही. म्हणूनच की काय, त्याच्या शोभेकडे कोणाचे लक्ष जात नाही. मधमाश्यांचे मात्र जाते.

येथे एक चूक सर्रास घडते. वाफ्यात आपोआप आलेले डेंगळे कौतुकाने राखले जातात आणि त्यांचेच बी पुढच्या वर्षी टाकले जाते. फुकटचे बी मिळाले असे वाटते. पण ते सर्वांत महाग पडते. थंडीच्या लाटेने किंवा जून रोपे लावल्याने डेंगळे येतात, हे खरे. तथापि त्याच वाफ्यात, तीच थंडी सोसूनही न फुललेली रोपे असतातच. अकाली फुलण्याची खोड काही अंशी बियातून पुढे उतरते. डेंगळ्याचे बी धरणे म्हणजे वर्षानुवर्षे डेंगळ्यांचीच निवड करणे होय. डेंगळा कोवळा असतानाच मोडून भाजीत घालावा. त्याला बी धरू देऊ नये.

बियाण्यासाठी लावावयाचा कांदा घरातील स्त्रियांनी निवडावा. एप्रिल-मे महिन्यांत साठविलेल्या रब्बी कांद्यापैकी कोणता सडला, कोणाला कोंब आले, हे रोज कांदा हाताळणाऱ्या हातांना ठाऊक असते. पाच-सहा महिने टिकलेला, मध्यम आकाराचा, बारीक मानेचा, वाणाच्या रंगाशी जुळणारा कांदाच घ्यावा. त्याचा वरचा तिसरा हिस्सा कापून पाहावा. आत एकच डोळा असेल तर कापलेला भाग बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून कांदा लावावा. दोन-तीन डोळे दिसले तर तो स्वयंपाकघरात द्यावा.

या खटाटोपाचे फळ अल्प नाही. ६० × ३० सेंटिमीटर अंतरावर लावलेला एक कांदा बरी निगा असल्यास १० ग्रॅमपर्यंत बी देतो. म्हणजे ५० कांद्यांची चार-पाच ओळींची जागा अर्धा किलो उळे देते, आणि तेवढे उळे सुमारे ५ गुंठे लागवडीला पुरते. टंचाईच्या वर्षी अवाच्या सवा भाव देऊन भेसळीचे उळे घेणाऱ्या लहान शेतकऱ्याला हा आधार लहान नाही.

या मार्गात एक अडचण आहे. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो व स्त्रीकेसर नंतर तयार होते; त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर मधमाश्या नेतात, आणि मधमाशी कुंपण मानीत नाही. प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या वाणापासून ५०० मीटर व पायाभूत बियाण्यासाठी १,००० मीटर अंतर ठरविलेले आहे. परसबागेत ते कोठून मिळणार? अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या गोंड्यावर शेजारच्या तांबड्या कांद्याचे पराग आले, तर पुढच्या पिकात रंगीत कांदे निघालेच समजावे. म्हणून एका वस्तीने एकाच वाणाचे गोंडे फुलू द्यावेत. हे घरोघरी पटवून देण्याचे काम गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे आहे, आणि खतांच्या पावत्या फाडण्याइतकेच ते महत्त्वाचे आहे. असे बी घरापुरतेच वापरावे, विकू नये.

फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नये. फुलकिड्यांचा बंदोबस्त कळ्या उमलण्यापूर्वीच करावा. गोंड्यात थोडे काळे दाणे उघडे दिसू लागले की तो काढावा. सर्व गोंडे एकदम पिकत नाहीत, म्हणून तीन-चार वेळा तोडणी करावी. बी सुकवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे व डब्यावर वाण आणि वर्ष लिहावे. साध्या साठवणीत कांद्याचे बी वर्षभरानंतर झपाट्याने उगवणशक्ती गमावते. तेव्हा वाफ्यात टाकण्यापूर्वी १०० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. ७० पेक्षा कमी उगवले तर ते बी वाफ्यात टाकू नये.