आधी स्लाइड दाखवा!

डिजिटल पॅथॉलॉजीचा डेमो हा सध्या उत्तम करमणुकीचा कार्यक्रम झाला आहे. टायवाला तरुण भिंतभर पडद्यावर गुलाबी-जांभळा ट्यूमर गरागरा फिरवतो, ‘आमचं एआय’ काय काय ओळखतं ते सांगतो. डीन खूश, खरेदी समिती खूश. ‘कॅन्सर आहे’ किंवा ‘नाही’ असं लिहून ज्याला खाली सही ठोकायची असते, त्या पॅथॉलॉजिस्टला मात्र कुणी विचारत नाही. म्हणून न विचारताच सांगतो.

मायक्रोस्कोपखाली काच सरकवली की पुढचं फील्ड डोळ्यांपुढे हजर असतं. तुमच्या व्ह्यूअरमध्ये आधी धुरकट चौकोन येतात, मग ते सावकाश उजळतात. मान्य, ओझं मोठं आहे. ४० एक्सला एक पिक्सेल साधारण ०.२५ मायक्रॉनचा, दीड बाय दीड सेंटिमीटरच्या तुकड्याचे ३६० कोटी पिक्सेल होतात. पण मी कुठल्या दिशेला सरकतोय हे दिसत असताना पुढचे चौकोन आधीच आणून ठेवायला कुणी अडवलंय?

आता मोजमाप. माइटोसिस आम्ही ‘दहा हाय पॉवर फील्ड’मध्ये मोजत आलो. ४० एक्सच्या ऑब्जेक्टिव्हवर २२ फील्ड नंबरचा आयपीस असेल तर एक फील्ड सुमारे ०.२४ चौरस मिलिमीटरचं, २० असेल तर ०.२० च्या आत. पडद्यावर फील्ड कशाला म्हणायचं, असं एका विक्रेत्याला विचारलं. म्हणाला, “सर, एक स्क्रीन म्हणजे एक फील्ड धरा ना!” म्हणजे मॉनिटर बदलला की ट्यूमरची ग्रेडही बदलायची? चौरस मिलिमीटरमध्ये आखलेली चौकट द्या, एवढीच मागणी आहे.

आणि केस म्हणजे फायलींची यादी नव्हे. प्रोस्टेटच्या बारा कोअर, एच अँड ईशेजारी त्याच जागेवर बरोबरीने सरकणारी इम्युनोची स्लाइड, मागची बायोप्सी, हे सगळं एका नजरेत हवं. काय बघायचं राहिलं तेही दिसायला हवं. चरबीचा फिकट तुकडा स्कॅनर कधी कधी टिश्यू म्हणून धरतच नाही. अख्ख्या काचेचा फोटो शेजारी नसेल तर तो तुकडा होता हे मला कळणार कसं?

त्यात प्रत्येक कंपनीची फाइल वेगळी. स्लाइडसाठी डायकॉमचं मानक २०१० मध्येच आलं, तरी एकाची फाइल दुसऱ्याच्या व्ह्यूअरमध्ये उघडेल याची आजही खात्री नाही. गिऱ्हाईक बांधून ठेवण्याच्या या धंद्याला ‘इकोसिस्टिम’ म्हणतात म्हणे.

कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स सांगतं: किमान ६० केसेस काचेवर आणि पडद्यावर, मध्ये किमान दोन आठवडे जाऊ देऊन, ताडून बघा. तेव्हा पुढच्या डेमोला तुमच्या गोजिरवाण्या स्लाइड आणू नका. आमच्या कपाटातल्या घ्या: घडी पडलेल्या, जाड कापलेल्या, फिकट रंगलेल्या. त्यावर सही करण्याचं धाडस झालं, तर खरेदीचं बोलू.