बाटलीआधी कागद मागा



विहारातल्या आरोग्य शिबिरात बीपी-शुगर तपासून झाली की हल्ली कोणी ना कोणी मोबाइल पुढे करते. पडद्यावर एक छोटी बाटली आणि हिरवे पान असते. खाली लिहिलेले असते, सांधेदुखी, झोप, मिरगी, कॅन्सर, सगळ्यावर गुणकारी. नाव सीबीडी तेल, कुठे विजया तेल, कुठे हेम्प ऑइल. "ताई, हे घेऊ का?" असे आम्हाला विचारले जाते. एखादा दादा हळूच विचारतो, "हा गांजाच ना? पोलीस तर पकडणार नाहीत?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण वस्तीत त्यांची उत्तरे दोन टोकांची मिळतात. एक जण म्हणतो, गांजा आहे, हातही लावू नका. दुसरा म्हणतो, झाडपाल्याचे आहे, काही होत नाही. आम्हाला दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. ज्याला औषध म्हणायचे त्याच्यामागे औषधाचे कागद असले पाहिजेत. कागद नसतील, तर ती बाटली आपल्या शरीरालाही धोका आहे आणि आपल्या घरालाही.

आधी हे आहे काय ते पाहू. गांजाच्या झाडात अनेक द्रव्ये असतात. त्यांतली दोन महत्त्वाची आहेत, टीएचसी आणि सीबीडी. नशा होते ती टीएचसीमुळे. सीबीडीने तशी नशा होत नाही. मात्र आपल्याकडे विजया नावाने जी तेले विकली जातात, त्यांतल्या बऱ्याच तेलांत झाडाचा पूर्ण अर्क असतो, म्हणजे सीबीडीबरोबर टीएचसीही असते. त्यामुळे नशा येणारच नाही, ही खात्री बाटलीवरचे चित्र पाहून देता येत नाही. तिसरा प्रकार आहे हेम्प सीड ऑइल. हे बियांचे खाद्यतेल आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये हेम्पच्या बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. या तेलात सीबीडी जवळजवळ नसते. ते खायला वाईट नाही, पण गुडघेदुखीचे औषध म्हणून महागात घेणे ही शुद्ध फसवणूक आहे.

आता कायदा. अमली पदार्थांचा कायदा, ज्याला एनडीपीएस म्हणतात, तो १९८५ चा आहे. त्यात चरस म्हणजे झाडाचा चीक, गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे, आणि यांच्यापासून केलेले कोणतेही मिश्रण, हे गुन्ह्यात येते. शेंड्यांशिवायची नुसती पाने आणि बिया या व्याख्येच्या बाहेर ठेवल्या आहेत. विजया औषधे बनवणाऱ्या कंपन्या याच वाटेने चालतात. पानांपासून अर्क काढायचा आणि आयुर्वेदिक औषधाचा परवाना घ्यायचा. औषध नियमांच्या ई-१ या परिशिष्टात भांग ही विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. म्हणून अशा पोटात घ्यायच्या औषधावर ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, हा इशारा इंग्रजी आणि हिंदी दोन्ही भाषांत छापावा लागतो. शिवाय पानावरचे नियंत्रण राज्यांकडे आहे. आपल्या महाराष्ट्रात भांगेला १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. तेव्हा "भांग तर चालते" असे म्हणून कोणी पुडी किंवा घरगुती तेल देत असेल, तर घेऊ नका.

थोडक्यात, कायदेशीर वाट अरुंद आहे. परवानाधारक कंपनीचे आयुर्वेदिक औषध, नोंदणीकृत वैद्याची चिठ्ठी आणि पक्के बिल. ट्रेनमध्ये, जत्रेत, जिममध्ये किंवा कुरिअरने बिनबिलाची आलेली बाटली या वाटेवर बसत नाही. ती पानाची की शेंड्याची, हे आपण नुसते पाहून सांगू शकत नाही, पोलीसही सांगू शकत नाही. ते ठरते प्रयोगशाळेत. तोपर्यंत ज्याच्या घरात ती सापडली त्याने फेऱ्या मारायच्या. एनडीपीएस कायद्यात वस्तू ताब्यात सापडली की ती कशी आली याचा खुलासा करण्याचा भार बराचसा आपल्यावरच येतो. एक किलोपर्यंतचा गांजा किंवा शंभर ग्रॅमपर्यंतचा चरस, याला कायदा अल्प प्रमाण म्हणतो. तरी त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

इथे वस्तीतले आणि टॉवरमधले घर सारखे नसते, हे आपण जाणतो. टॉवरमधल्या साहेबाच्या कपाटातली बाटली वेलनेस ठरते आणि आपल्या पोराच्या खिशातली बाटली माल ठरते. हा भेदभाव चूकच आहे आणि त्याविरुद्ध आपण बोलत राहू. पण तो आहे तोवर आपला कागद इतरांपेक्षा पक्का असला पाहिजे. चिठ्ठी आणि बिल बाटलीसोबतच ठेवा, प्रवासात तर नक्कीच. अंगझडतीची वेळ आली तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क याच कायद्याच्या कलम ५० ने दिला आहे. बाईची झडती बाईनेच घ्यायची असते. अनुसूचित जातीतील व्यक्ती, महिला आणि कोठडीत असलेला माणूस यांना मोफत वकील मिळतो. विधी सेवेचा क्रमांक १५१०० आहे. तो घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

परदेशातून येणाऱ्या बाटलीबद्दलही सांगितले पाहिजे. अमेरिकेत २०१८ पासून कमी टीएचसीच्या हेम्पला केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली, म्हणून तिथे असली तेले उघड मिळतात. तिकडचा भाचा प्रेमाने आईसाठी बाटली आणतो. पण तिथे कायदेशीर म्हणून ती विमानतळावर इथेही कायदेशीर होत नाही. याउलट, कामासाठी दुबई-मस्कतला जाणाऱ्या मुलांनी तर इथली चिठ्ठीची बाटलीसुद्धा बॅगेत टाकू नये. आखाती देशांत या बाबतीत कायदे फार कडक आहेत.

आता मुख्य प्रश्न, गुण येतो का? पुरावा सर्वांत पक्का आहे तो लहानपणी होणाऱ्या मिरगीच्या काही दुर्मिळ आणि अवघड प्रकारांत. एपिडिओलेक्स नावाच्या शुद्ध सीबीडीच्या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये मान्यता दिली, तीही लेनॉक्स-गॅस्टो आणि ड्रॅव्हे या आजारांसाठी. २०२० मध्ये आणखी एका आजाराची भर पडली. त्याचा डोस पाहा. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला दहा मिलिग्रॅम, काही वेळा वीसपर्यंत. म्हणजे वीस किलोच्या मुलाला दिवसाला दोनशे मिलिग्रॅम. बाजारातल्या बाटलीत खरोखर हजार मिलिग्रॅम सीबीडी असले, तरी ती पाच दिवसांत संपेल. महिन्याला सहा बाटल्या! आणि लेबलवर बहुधा "हजार मिलिग्रॅम विजया अर्क" असे असते. अर्क हजार म्हणजे सीबीडी हजार नव्हे. जाहिरातवाला सांगतो, रोज जिभेखाली चार थेंब टाका. त्या चार थेंबांनी मिरगी थांबेल, या आशेवर आई मुलाची चालू गोळी बंद करते. आम्हाला सर्वांत जास्त भीती याची वाटते. मिरगीची गोळी अचानक बंद केली तर झटक्यांमागून झटके येऊ शकतात आणि त्यात जीव जातो. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.

सीबीडी निरुपद्रवीही नाही. त्याने गुंगी येते, जुलाब होतात, भूक मंदावते, यकृतावर ताण येतो. मिरगीची व्हॅल्प्रोएट ही गोळी चालू असेल तर यकृताचा धोका वाढतो. क्लोबाझाम चालू असेल तर गुंगी वाढते. हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन झालेल्यांना रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन देतात. तिच्यासोबत सीबीडी घेतले तर रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून वैद्याकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी हे घेऊ नये. दारूसोबत किंवा झोपेच्या गोळीसोबत घेऊ नये. रिक्षा, टेम्पो चालवणाऱ्यांनी आणि उंचावर, मशीनवर काम करणाऱ्यांनी गुंगीचा विचार आधी करावा.

लेबल तरी खरे असते का? अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेल्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. लेबलवर लिहिले तेवढेच सीबीडी फक्त २६ मध्ये निघाले आणि १८ मध्ये टीएचसी सापडले. पैसेवाल्या देशात ही गत, तर आपल्या गल्लीत कुरिअरने येणाऱ्या बाटलीवर डोळे मिटून विश्वास कसा ठेवायचा?

म्हणून घ्यायचेच असेल तर आधी हे पाहा. बाटलीवर कंपनीचे नाव-पत्ता, आयुर्वेदिक औषध असा उल्लेख, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तारीख आणि देखरेखीचा इशारा आहे का? त्याच बॅचचा तपासणी अहवाल मागा. अहवालावरचा बॅच क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. त्यात सीबीडी किती, टीएचसी किती, जड धातू आणि कीटकनाशके आहेत का, हे दिसले पाहिजे. अहवाल इंग्रजीत असतो, तेव्हा शिकलेल्या मुलीला वाचायला सांगा किंवा आमच्याकडे घेऊन या. दुकानदार पक्के बिल देत नसेल तर तिथेच थांबा. आणि चिठ्ठी कोण देतो तेही पाहा. काही कंपन्या फोनवरून दोन मिनिटांत स्वतःच्याच डॉक्टरची चिठ्ठी देतात. ज्याचा पगार बाटली विकून निघतो, त्याला ही बाटली नको असे सांगणे अवघड असते. तुमचा आजार ओळखणाऱ्या डॉक्टरकडून सल्ला घ्या.

कॅन्सर, मधुमेह, मिरगी बरी करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्याने बंदी आहे. म्हणजे ज्या बाटलीवर असा दावा छापलेला असेल, तिचा विक्रेता पहिल्या ओळीतच कायदा मोडतो आहे. असा मेसेज पुढे पाठवू नका. फोटो काढून जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

काही उपासक विचारतात, पाचव्या शीलाचे काय? बुद्धाने मन बेसावध करणाऱ्या नशेपासून दूर राहायला सांगितले, आजाऱ्याला औषध नाकारायला नाही. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने घडवलेल्या संविधानाचे कलम ४७ वाचा. सरकारने मादक पेये आणि आरोग्याला घातक द्रव्ये यांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करावा, पण औषधी उपयोग वगळून, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा आजाऱ्याला चिठ्ठीचे औषध घेण्याची लाज वाटू नये. आणि औषधाच्या नावाखाली पोरांनी नशा केली तर ती नशाच आहे, हेही तितकेच स्पष्ट बोलावे. कालाम लोकांना तथागतांनी ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा सांगणाऱ्याच्या मोठेपणावर विसंबू नका, असे सांगितले होते. हा उपदेश व्हॉट्सॲपच्या मेसेजलाही लागू आहे.

शेवटी एक गोष्ट. आपली माणसे या बाटलीकडे का वळतात? दुखते म्हणून. वर्षानुवर्षे झाडू मारून, ओझी वाहून, धुणी-भांडी करून कंबर आणि गुडघे गेलेले असतात. सरकारी दवाखान्यात दोन मिनिटांत दोन गोळ्या हातावर ठेवतात. कॅन्सरच्या वेदनेवर मॉर्फिनची स्वस्त आणि परिणामकारक गोळी आहे. ती रुग्णाला सहज मिळावी म्हणून २०१४ मध्ये एनडीपीएस कायद्यात दुरुस्तीही झाली. तरी ती कुठे मिळते हे वस्तीत कुणाला माहीत नसते. परळच्या टाटा रुग्णालयात वेदना आणि परिहार उपचारांचा स्वतंत्र विभाग आहे. मिरगीच्या फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपीन, व्हॅल्प्रोएट या गोळ्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. त्या सरकारी दवाखान्यात मागणे ही भीक नव्हे, तो आपला हक्क आहे. "स्टॉक नाही" म्हणाले तर तसे लिहून मागा.

महिला मंडळांनी पुढच्या बैठकीत एवढे करावे. आपल्या दवाखान्यात या गोळ्या आहेत का, फिजिओथेरपी आहे का, मॉर्फिनसाठी कुठे पाठवतात, हे तीन प्रश्न लिहून वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्यावेत आणि उत्तर विहाराच्या फलकावर लावावे. दवाखान्यात दुखण्यावर नीट उपचार मिळाला, तर हजारांची बाटली घेण्याची वेळ आपल्या आईवर येणार नाही.