गृध्रसीचा रुग्ण कोणाच्या हाती सोपवावा?

कटिशूल आणि गृध्रसी यांचे रुग्ण येत नाहीत असा वैद्याचा दवाखाना महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. बस्ति, कटिबस्ति, अग्निकर्म, सिरावेध, गुग्गुळकल्प यांवर आपली भिस्त असते आणि बहुतेकांना उतार पडतो. सरकलेल्या चकतीमुळे होणारी पायाची वेदना बहुसंख्य रुग्णांत ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रक्रियेविना शमते, हे आधुनिक शल्यविदही मान्य करतात. प्रश्न उरतो तो ज्या थोड्यांना शस्त्राची खरोखर गरज असते त्यांचा. त्यांना कोणाकडे पाठवावयाचे, याचा आपण पुरेसा विचार करीत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. या मताची किंमत माझ्या एका रुग्णाने मोजली आहे.

काही वर्षांपूर्वी पंचेचाळिशीचे एक ट्रकचालक माझ्याकडे गृध्रसीची चिकित्सा घेत होते. आठव्या दिवशी वेदना दुसऱ्या पायातही उतरली. लघवी साफ होईना, म्हणून त्यांनी मला न सांगता जवळच्या औषधालयातून चंद्रप्रभा वटी नेली. दुकानदारांना दोष देता येत नाही. तक्रार मूत्रकृच्छ्राची आणि औषधही त्याचेच. दोन दिवसांनी ते आले तेव्हा गुदाभोवती व मांड्यांच्या आतील बाजूस त्यांना स्पर्श कळत नव्हता. मज्जारज्जूच्या खालील नाड्यांच्या जुडग्यावर, ज्याला कॉडा इक्विना म्हणतात त्यावर, दाब आला होता. निदान चुकले नाही, पत्ता चुकला. मी चिठ्ठी दिली ती माझ्या परिचयाच्या अस्थिशल्यविदांना. हात उत्तम, परंतु त्यांचे काम गुडघ्याचे सांधे बदलण्याचे. त्यांनी एमआरआय करविला आणि दुसऱ्या दिवशी रुग्णास मणक्याच्या शल्यविदाकडे शहरात पाठविले. मधला एक पूर्ण दिवस गेला. ते गृहस्थ आज चालतात. लघवीसाठी मात्र नळी घालावी लागते. तो एक दिवस वाचला असता तर नळी टळली असती काय, हे सांगता येत नाही. न सांगता येणे हेच मला अधिक बोचते.

अस्थिशल्यविद की न्यूरोसर्जन, हा प्रश्न रुग्ण आपल्याला हटकून विचारतात. आपणही सवयीने उत्तर देतो : हाड दुखते तर हाडाचा, नस दाबली तर नसेचा. वस्तुतः सरकलेली चकती हे गृध्रसीचे कारण आहे हे ज्या निबंधाने वैद्यकविश्वात रूढ केले, तो १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी मिळून लिहिला होता. त्यांतील मिक्स्टर न्यूरोसर्जन, तर बार अस्थिशल्यविद! आजही चकती काढणे वा मज्जानलिकेचा संकोच मोकळा करणे ही कामे दोन्ही शाखांतील शल्यविद सारख्याच अधिकाराने करतात. मज्जेच्या आवरणाच्या आतील अर्बुद, तसेच मज्जेतील रक्तवाहिन्यांचे विकार न्यूरोसर्जनकडेच जावेत. मुलांमधील पृष्ठवंशाचा मोठा बाक बहुधा अस्थिशाखेतून मणक्याकडे वळलेल्या शल्यविदाच्या हातचा. या दोन टोकांच्या मध्ये जे विस्तृत क्षेत्र आहे, आणि आपले बहुतेक रुग्ण तेथेच असतात, तेथे पदवीचे नाव दुय्यम होय.

मग मुख्य काय? चरकाचार्यांनी गुल्मचिकित्सेत पक्व गुल्माचा अधिकार धान्वंतर संप्रदायाकडे सोपविला आहे. पण ते संप्रदायाचे नाव घेऊन थांबत नाहीत. त्या कर्माचा सराव केलेला, ‘कृतयोग्य’ वैद्य हवा असे म्हणतात. सुश्रुतांनी तर या सरावासाठी योग्यासूत्रीय हा स्वतंत्र अध्याय दिला. हाच निकष मणक्यालाही लावावा. त्या शल्यविदाच्या कामात मणक्याचा वाटा किती? एम.एस. अथवा एम.सीएच. नंतर त्याने मणक्याचे विशेष प्रशिक्षण घेतले आहे काय? ही विशिष्ट शस्त्रक्रिया तो नियमित करतो काय? शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल, हे तो रुग्णास नीट समजावतो काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जो टाळतो, त्याच्याकडे मी रुग्ण पाठवीत नाही. ‘कट’ देणाऱ्यांविषयी येथे लिहिण्याचे कारण नाही. आपण सारे जाणतो आणि बहुधा गप्प बसतो.

नुसता एमआरआय पाहून शस्त्रक्रियेची घाई करणाऱ्यापासूनही रुग्णास जपावे लागते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाठदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींचे एमआरआय तपासले, तेव्हा ५२ टक्के लोकांत किमान एक चकती फुगलेली आढळली. चित्र आणि लक्षणे यांचा मेळ बसला पाहिजे.

औषधालयाच्या मालकांनाही एक विनंती. कंबर वा पाय दुखणाऱ्या ग्राहकाने लघवी तुंबल्याची, मलावरचा ताबा गेल्याची, बसण्याच्या जागी बधिरता आल्याची किंवा पाऊल उचलता येत नसल्याची तक्रार केली, तर त्यास वटी देऊ नये, आपल्या वैद्याकडेही परत पाठवू नये. एमआरआय आणि मणक्याचा शल्यविद दोन्ही जेथे आहेत अशा रुग्णालयात त्याच दिवशी धाडावे. पहिल्या ४८ तासांत दाब निघाल्यास फळ अधिक चांगले मिळते असे मानले जाते. तीही सवलत समजू नये.

आता मी गाव सोडून जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाबरोबर सविस्तर पत्र देतो. लक्षणे कधी सुरू झाली, पायातील बळ व स्पर्श कसा आहे, लघवी शेवटची केव्हा झाली, मी कोणती औषधे किती दिवस दिली हे त्यात असते. रसौषधी दिली असल्यास तिचेही नाव लिहितो. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी एकदा दूरध्वनी करून याबद्दल आभार मानले होते. पत्रापूर्वी मात्र मी स्वतः दूरध्वनी करतो आणि प्रथम एवढेच विचारतो : मणक्याची शस्त्रक्रिया आपण स्वतः करता काय, आणि आज उपलब्ध आहात काय?