पंप बदलला, पाइपचं काय?

तर झालं असं, की एप्रिलातल्या एका शनिवारी आई-बाबांना घेऊन लग्नाला निघालो आणि आमची मारुती 800 इंदोरा चौकाच्या जरा अलीकडे आचके देऊन बंद पडली. दुपारचा एक. ऊन म्हणजे आपलं नागपूरचं ऊन, वेगळं सांगायला नको. मागून हॉर्नवर हॉर्न. बाबा शांतपणे खाली उतरले, बाटलीतल्या पाण्यात रुमाल भिजवला, बॉनेट उघडलं आणि तो ओला रुमाल इंजिनाला लागून असलेल्या छोट्याशा फ्युएल पंपावर ठेवला. दहा मिनिटांनी गाडी सुरू! बाबांचा चेहरा असा, की बघ, कॉलेजात शिकवलं का हे?

नव्हतं शिकवलं. घरी येऊन वाचलं. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या 800 मध्ये पंप विजेवर चालत नाही. इंजिनाचा कॅमशाफ्ट फिरतो, त्यावरचा उंचवटा पंपाची दांडी ढकलतो, आतला पडदा खाली ओढला जातो आणि टाकीतून पेट्रोल येतं. स्प्रिंग पडदा परत वर ढकलते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं. बस. पण हा पंप तापलेल्या इंजिनालाच बोल्टनं आवळलेला असल्यामुळे उन्हाळ्यात आत पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ काही त्याला ओढता येत नाही. रुमालानं पंप गार झाला, वाफेचं पुन्हा पेट्रोल झालं. सगळं फिजिक्स. उगाच बाबांना हसत होतो मी.

रविवारी जरीपटक्यातल्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिक काकांकडे गेलो. त्यांनी आधी ऑइलची डिपस्टिक काढली आणि नाकाशी धरली. मग माझ्या नाकाशी. पेट्रोलचा वास! पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल सरळ इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. म्हणजे नुसता पंप बदलून भागत नाही, ऑइलही बदलावं लागतं. मग काका म्हणाले, "भाऊ, पंप तं टाकून देतो, पण पाइप जुनेच ठेवून राहिले तं काय फायदा? सगळे बदलून टाका."

आणि इथे मी शहाणपणा केला. म्हटलं काका, पंप खराब आहे ना, पंपच बदला. चालू आहे त्याला कशाला हात लावायचा? आमच्या धंद्यातली सवय आहे ही. जेवढा बग तेवढाच फिक्स, बाकीच्या कोडला स्पर्श नको.

बारा दिवसांनी सिग्नलला उभा असताना पेट्रोलचा वास आला. आई मागे बसली होती. बॉनेट उघडलं तर पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या पाइपच्या तोंडाशी बारीक चीर, आणि थेंब थेंब पेट्रोल गरम इंजिनावर. वितभर अंतरावर स्पार्क प्लगच्या वायरी. हात थरथरत होते राव माझे. जुना पंप अर्धमेला होता म्हणून जुना पाइप टिकून होता. नव्या पंपानं पूर्ण दाब दिला आणि साखळीतली पुढची कमजोर कडी तुटली. काका हेच सांगत होते.

मग सगळं बदललं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे रबरी तुकडे, फिल्टर, प्रत्येक जोडावरची क्लिप, पंपाखालचं गॅस्केट. पंप आणि इंजिनाच्या मध्ये उष्णता अडवणारा एक जाड तुकडा असतो, तोही तपासून बसवला. तो हरवला म्हणून नुसता सिलंट लावून पंप आवळणारे महाभाग आहेत. मग पंप जास्त तापतो आणि दांडीचा मारही बदलतो. या सगळ्या किरकोळ सामानाचा खर्च पंपापेक्षा कमी आला! जो पार्ट सगळ्यात स्वस्त, त्याच्यावर आईचा जीव टांगला होता.

आता मुद्द्यावर येतो.

आमची गाडी 1999 ची. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला आपल्याकडे सुरुवात झाली 2003 मध्ये, काही राज्यांत, 5 टक्क्यांनी. 10 टक्के देशभर झालं 2022 मध्ये. 20 टक्क्यांचं मूळ लक्ष्य 2030 चं होतं, ते अलीकडे आणून 2025 मध्ये गाठलंसुद्धा. म्हणजे ही गाडी ज्या पेट्रोलसाठी बनली ते पेट्रोल आता राहिलंच नाही. आणि इथेनॉलला दोन खोडी आहेत. एक, ते पाणी शोषतं. दुसरी, जुन्या प्रकारचं रबर त्यात फुगतं, मऊ होतं आणि कालांतरानं तडकतं. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून मिश्रण जुळवून घेतो. कार्ब्युरेटर बिचारा काय ओळखणार?

थांबा, लगेच इथेनॉलवर खापर फोडत नाही. इतक्या वर्षांचं रबर नुसत्या उन्हानंही तडकतं, आणि आमच्या पाइपचा खरा गुन्हेगार कोण हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. इथेनॉलचे फायदेही आहेत. बाहेरून आणायचं तेल तेवढं कमी, ऊस-मक्याला एक गिऱ्हाईक, ऑक्टेनही चढतं. आमच्या नागपूरचे खासदार या विषयावर किती वर्षांपासून बोलत आहेत हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. 2014 मध्ये इथेनॉलवर चालणारी बससुद्धा याच शहरात धावली होती.

माझी तक्रार वेगळी आहे. ऑगस्ट 2025 मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानं स्वतःच म्हटलं, की काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागू शकतात आणि ते काम स्वस्तातलं आहे. अगदी बरोबर. पण हे कळलं कोणाला? आमच्या बाबांना नाही. काकांना नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये साधी एक एपीआय बदलायची तर सहा महिने आधी सगळ्यांना मेल टाकतो, की बाबांनो, जुनं बंद होतंय, आपापलं तपासा. आणि कोट्यवधी गाड्यांच्या टाकीत जाणारी वस्तू बदलली तर नोझलवर एक ठळक पट्टीसुद्धा नको? "2023 च्या आधीची गाडी असेल तर फ्युएल पाइप तपासून घ्या." एवढं एक वाक्य मराठीत आणि हिंदीत. पंपावर एवढ्या जाहिराती लागतात, त्यात हे नाही मावणार?

लोक म्हणतात, जुनी गाडी भंगारात काढा, कटकट मिटली. अरे बाबा, ज्याला नवीन परवडत नाही त्यानं काय करायचं? जुन्या गाडीचं रजिस्ट्रेशन नवं करायला तो वाढीव फी भरतोच आहे. तेवढ्या पैशात निदान "तुझा पाइप बघ" हे ऐकायचा हक्क त्याला आहे.

असो. दोष माझाही तेवढाच. गाडी दर रविवारी धुतो, पॉलिश करतो, इन्शुरन्स भरतो. पण काका सांगत असताना चारशे रुपयांसाठी नाही म्हटलं.

तुमच्याकडे, काकाकडे, सासऱ्याकडे जुनी गाडी असेल तर उद्या सकाळी इंजिन गार असताना बॉनेट उघडा. पाइप बोटात धरून जरा वाकवा. चिरा दिसल्या किंवा बोटाला चिकट लागलं, तर बदला. आणि विकत घेताना इथेनॉलला चालणारा फ्युएल पाइप मागा, दुकानदार "सब चलता है" म्हणाला तरी. पाण्याचा पाइप देतात राजेहो, मला एकानं दिलाच होता!

बाबांचा रुमाल मात्र गाडीतच ठेवलाय. मे यायचाच आहे अजून.