दूध कोणत्या भांड्यात तापवता?

ज्यांची प्रॅक्टिस 1985च्या आधी सुरू झाली, त्या बालरोगतज्ज्ञांना ते मूल नक्की आठवत असेल. वय वर्ष-दीड वर्ष. पोट मोठं, सतत किरकिर, अन्नावर वासना नाही. आणि पोटावर हात ठेवताच बोटांना लागणारी यकृताची टणक, पानासारखी धारदार कड. मग कावीळ, जलोदर, आणि बहुतेकदा काही महिन्यांत शेवट. कित्येक घरांत आधीचं एखादं भावंडही असंच गेलेलं असायचं.

कलकत्त्याच्या सेन यांनी 1887 साली या आजाराचं वर्णन केलं. पुढे त्याला ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ असं नाव पडलं, पण कारण जवळजवळ शंभर वर्षं हाती लागलं नाही. विषाणू, आनुवंशिकता, निकस आहार, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन अशा साऱ्यांवर संशय घेऊन झाला. आजच्या निवासी डॉक्टरांनी असं मूल पाहिलेलं नाही. यकृतविकारांवरच्या या अंकाची सुरुवात तरीही त्याच मुलापासून करावीशी वाटली.

या मुलांच्या बायोप्सीत यकृतपेशी फुगलेल्या असत, मद्यपी प्रौढाच्या यकृतात दिसावं तसं मॅलरी हायलिन असे आणि एकेका पेशीभोवती तंतूंचा वेढा पडलेला असे. चरबी मात्र जवळजवळ नसे. 1978 साली पोर्टमन, टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा यकृतांवर ऑर्सीनचा रंग चढवला, तेव्हा पेशींमध्ये गडद तपकिरी कण उमटले. ते तांब्याशी बांधल्या गेलेल्या प्रथिनांचे होते. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या एका ग्रॅममागे 50 मायक्रोग्रॅमच्या आत तांबं असतं. विल्सनच्या आजाराची शंका आपण 250च्या पुढे घेतो. या मुलांच्या यकृतात आकडा 800च्याही वर जाई, आणि रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन मात्र विल्सनसारखं उतरलेलं नसे. म्हणजे हा विल्सनचा आजार नव्हता. मग एवढं तांबं आलं कुठून?

उत्तर पुण्यात सापडलं. केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत आयांना बसवून विचारलं: अंगावरचं दूध कधी सोडवलं, वरचं दूध कधी सुरू केलं, ते कशात तापवता, कशात ठेवता? आजारी मुलांच्या घरी गाई-म्हशीचं दूध लवकर सुरू झालेलं असे, आणि ते पितळी भांड्यात तापवून त्यातच ठेवलेलं असे. 1983 साली ‘लॅन्सेट’मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झालं. पुढे प्रयोगशाळेत दिसलं की पितळेतलं तांबं दुधात उतरतं आणि केसीनला चिकटून राहतं. कल्हई उडालेल्या पातेल्यात काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको. नवजात बाळाच्या यकृतात मुळातच तांब्याचा साठा मोठा असतो आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची यंत्रणा अजून कच्ची असते. त्यात रोज वाटी-वाटीने भर पडत होती.

यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग नंतरचा आहे. कावीळ दिसण्याआधी पेनिसिलामाइन सुरू झालं तर काही मुलं वाचू लागली. पुण्याच्या गटाने अशा वाचलेल्या मुलांच्या बायोप्सी पुन्हा केल्या आणि 1996 साली त्या मांडल्या. काहींच्या यकृताची घडण जवळपास पूर्वपदाला आलेली होती. सिऱ्होसिस म्हणजे परतीची वाट नाही, हे आपण पाठ करून ठेवलं होतं. ज्यांनी त्या स्लाइड पाहिल्या, त्यांना ते पुन्हा कधी इतक्या ठामपणे म्हणता आलं नसेल.

ऑस्ट्रियातल्या टिरोल भागातही असाच आजार होता. 1900 ते 1974 या काळात तिथे 138 बाळं दगावल्याची नोंद आहे. तिथेही दूध तांब्याच्या भांड्यांत तापवत. भांडी बदलली आणि आजार गेला. आपल्याकडे स्टीलने तेच काम केलं; आयांचं प्रबोधन करणाऱ्या डॉक्टरांचाही त्यात मोठा वाटा आहे.

हे आज लिहिण्याचं कारण म्हणजे आपल्या केसपेपरवरून घरातल्या भांड्याचा प्रश्नच नाहीसा झाला आहे. एन्झाइम्स वाढलेली दिसली की आपण विषाणूंच्या तपासण्या, सोनोग्राफी, फायब्रोस्कॅन लिहून मोकळे होतो. दरम्यान तांब्याच्या बाटल्या आणि पिंप घराघरांत परतली आहेत. निरोगी प्रौढ माणूस त्यातलं पाणी पचवेल. त्याच पाण्यात सहा महिन्यांच्या बाळाचं डब्याचं दूध कालवलं जातं का, हे मात्र विचारायलाच हवं.

आणि प्रश्न भांड्यापुरता राहिलेला नाही. 2020च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईत सहा रुग्णांच्या यकृताला इजा झालेली आढळली. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. त्यावर मोठा वाद झाला. ती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याच टेबलावर मिळू शकतं: रुग्णाला सांगावं, ती बरणी, ते खोड, ती पुडी उद्या येताना घेऊन या. नाव लिहावं, नमुना जपावा, किती दिवस घेतलं ते तारखेनिशी नोंदवावं. ‘काही औषधं घेता का?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘नाही’ असंच उत्तर येतं, कारण काढा, चूर्ण, भस्म यांना कुणी औषध म्हणतच नाही. त्यांची नावं घेऊन एकेक विचारावं लागतं.

एक विनंती ज्येष्ठ सहकाऱ्यांना. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ज्यांनी ही मुलं तपासली, त्यांनी आठवेल तेवढं लिहून आमच्याकडे पाठवावं. मुलांची नावं नकोत. कोणत्या भागातून ती येत, घरात भांडी कोणती असत, गावात कल्हईवाला येत असे का, आणि असं शेवटचं मूल तुमच्या ओपीडीत कोणत्या वर्षी आलं.