तात्पर्याची घाई

आपण इसापनीतीवर वाढलेली माणसं. गोष्ट संपली की खाली ठळक अक्षरांत 'तात्पर्य' असतं, आणि ते पाठ झालं की गोष्ट विसरली तरी चालते. पवित्र शास्त्र उघडतानाही ही सवय आपल्या सोबत असते. उधळ्या पुत्राची किंवा चांगल्या शोमरोन्याची गोष्ट ती सोसते. 'शास्ते' या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय सोसत नाही.

काही वर्षांपूर्वी एका मंडळीत स्त्रियांच्या शास्त्राभ्यासाला मी बसले होते. पाळकांनी तो अध्याय निवडला होता. एरवी रविवारच्या उपासनेत त्याच्या वाटेला कोणी जात नाही; अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या वापरतात त्या तीन वर्षांच्या वाचनक्रमात तो नाहीच. वाचन संपलं आणि थोड्याच वेळात बोधही आला: ती नवऱ्याचं घर सोडून गेली नसती, तर पुढचं काही घडलं नसतं. बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी बायबल मिटलं, मांडीवर ठेवलं आणि त्यावर पदर ओढून घेतला. त्या वर्षभर माहेरी राहत होत्या.

तो अध्याय सावकाश वाचला तर काय दिसतं? एफ्राइमाच्या डोंगरांत राहणारा एक लेवी. त्याची उपपत्नी बेथलेहेमची. ती त्याला सोडून बापाच्या घरी येते. हिब्रू पाठातलं क्रियापद व्यभिचाराचं आहे. जुन्या ग्रीक भाषांतराच्या एका महत्त्वाच्या प्रतीत मात्र ती त्याच्यावर रागावून गेली, असं आहे. म्हणजे तिच्या जाण्याचा दोष ज्या एका शब्दावरून तिच्या माथी मारला जातो, तो शब्दच प्राचीन प्रतींमध्ये एकसारखा नाही. नियमशास्त्रात व्यभिचाराला देहान्ताची शिक्षा आहे, आणि हा माणूस तर चार महिन्यांनी दोन गाढवं आणि एक गडी घेऊन तिची समजूत काढायला येतो. सासरा त्याला आग्रहानं थांबवून घेतो. पाचव्या दिवशी उन्हं कलल्यावर ते निघतात. वाटेत यबूस लागतं, म्हणजे यरुशलेम. परक्यांच्या गावात मुक्काम नको म्हणून लेवी पुढे जातो आणि आपल्याच लोकांच्या, बन्यामिनांच्या गिबा गावात थांबतो. तिथे कोणी घरात घेत नाही. शेवटी एक म्हातारा घेतो. रात्री गावगुंड दाराशी येऊन पाहुण्याला बाहेर काढायला सांगतात. म्हातारा आपली कुमारी मुलगी आणि पाहुण्याची उपपत्नी देऊ करतो. मग लेवी तिला धरून बाहेर ढकलतो. रात्रभर तिच्यावर अत्याचार होतात. पहाटे ती दारापाशी येऊन कोसळते, तेव्हा तिचे हात उंबऱ्यावर असतात. तो दार उघडतो ते पुढच्या वाटेला लागण्यासाठी, आणि तिला उठायला सांगतो. उत्तर येत नाही. हिब्रू पाठ ती मेली होती असंही म्हणत नाही. ती भर ग्रीक भाषांतरानं घातली. घरी पोहोचल्यावर तो सुरी घेतो, तिचे बारा तुकडे करतो आणि इस्राएलभर पाठवतो. त्या सुरीसाठी हिब्रूत जो शब्द आहे, तोच अब्राहामानं इसहाकावर उगारलेल्या सुरीसाठी आहे. तिथे हात थांबवणारा देवदूत होता.

या सगळ्या अध्यायात तिच्या तोंडी एक शब्द नाही. तिला नावही नाही.

पुढच्या अध्यायात जमलेल्या वंशांपुढे लेवी साक्ष देतो. ते मला मारणार होते, म्हणतो. तिला दाराबाहेर कोणी ढकललं, ते सांगत नाही. वाचकाला ते ठाऊक आहे, कारण निवेदकानं ते आधीच आपल्यासमोर ठेवलं आहे. शास्त्र इथे लेवीची बाजू घेत नाही, त्याचं खोटं उघडं पाडतं. हे न दिसणारा वाचक लेवीच्या जबानीवर विश्वास ठेवून घरी जातो. त्या दिवशी आमचा वर्ग तसाच घरी गेला.

त्या जबानीवरून युद्ध पेटतं. बन्यामिनांची पंचवीस हजारांवर माणसं पडतात, शहरं जळतात, बायका-मुलं मारली जातात, आणि उरतात रिम्मोनच्या खडकावर लपलेले ६०० पुरुष. त्यांचा वंश बुडू नये म्हणून याबेश-गिलादची कत्तल करून ४०० कुमारिका आणल्या जातात. त्या पुरत नाहीत, तेव्हा शिलोच्या सणात नाचायला आलेल्या मुली द्राक्षमळ्यात दबा धरून पळवल्या जातात. एका बाईच्या देहाचा संदेश केला गेला आणि त्याचे परिणाम शेकडो बायकांना भोगावे लागले.

मला भीती वाटते ती इथेच. त्या बाईच्या मरणाचा पहिला 'संदेश' लेवीनं केला. घाईनं बोध काढणारा प्रत्येक जण त्याच वाटेनं जातो: ती बाई बाजूला राहते आणि तिच्या तुकड्यांवर आपल्याला हवा तो मजकूर लिहिला जातो. कित्येक अभ्यासकांना तर या कथेत राजकारणाचाही वास येतो. गिबा हे शौल राजाचं गाव, याबेश-गिलादशी त्याचं जवळचं नातं, आणि बेथलेहेम दाविदाचं. तसं असेल तर प्राचीन काळीही तिचं मरण कुणाच्या तरी कामी आलं होतं.

कठीण उताऱ्यांतून सुटायच्या वाटा चर्चनं फार पूर्वी शोधल्या. तिसऱ्या शतकात ऑरिगेननं यहोशवाच्या पुस्तकातल्या कनानी राजांना मनातले विकार मानलं आणि त्यांचा संहार म्हणजे पापावरचा विजय, असं शिकवलं. त्याचा हेतू मला कळतो. ख्रिस्ताच्या अनुयायाच्या हाती तलवार द्यायची त्याची तयारी नव्हती. पण मेलेल्या मुलांना 'विकार' म्हणायची जिभेला सवय लागली की जिवंत मुलांनाही तसं म्हणणं अवघड राहत नाही. कॅथलिक चर्चनं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या प्रार्थनाग्रंथातून शापाची तीन स्तोत्रं, ५८, ८३ आणि १०९, वगळलीच. त्यामागची अडचण खरी आहे. तरीही ज्याच्यावर अन्याय झाला त्याची शिवी प्रार्थनेत बसत नाही, असा निरोप त्यातून जातो.

सर्वांत घातक वाट म्हणजे असा उतारा आज्ञा म्हणून वाचणं. मे १६३७ मध्ये आजच्या कनेटिकटमध्ये, मिस्टिक नदीजवळ, इंग्रज वसाहतवाल्यांनी पेक्वोट लोकांची तटबंदीची वस्ती पेटवली. शेकडो माणसं मेली, त्यांत बायका-मुलं पुष्कळ. त्या स्वारीतला कॅप्टन जॉन अंडरहिल यानं पुढच्या वर्षी लंडनला पुस्तक छापलं. ख्रिस्ती माणसांनी अधिक दया दाखवायला नको होती का, या प्रश्नाला त्यानं दाविदाच्या लढायांकडे बोट दाखवलं. त्याला वाचता येत नव्हतं असं नाही. त्याला बोध हवा होता आणि तो मिळाला. अमालेकांना समूळ मारण्याच्या शास्त्रातल्या आज्ञेबद्दल यहुदी परंपरेतल्या अनेक आचार्यांनी मात्र दक्षता घेतली: राष्ट्रं एकमेकांत मिसळून गेली, आज अमालेकी कोण हे ओळखताच येत नाही, म्हणून ती आज्ञा कोणावर चालवता येत नाही, असं त्यांनी म्हटलं. मजकुरातला शब्द त्यांनी खोडला नाही, पण त्याला कुलूप घातलं. आपल्या मंडळ्यांत अशी कुलपं फारशी दिसत नाहीत.

यावर उत्तर येतं की सगळा शास्त्रलेख शिकवणीसाठी उपयोगी आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तसं आहेच. मी ते मानते. पण शिकवण म्हणजे तात्पर्यच, हे कोणी ठरवलं? स्तोत्र ८८ अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, आणि तरी ते प्रार्थना म्हणून जपलं गेलं. इफ्ताहानं नवसापायी आपली एकुलती एक मुलगी दिली, तेव्हा इस्राएलच्या मुलींनी त्यातून काही धडा काढला नाही. त्या दरवर्षी चार दिवस तिच्यासाठी शोक करायला जात. इब्री लोकांस पत्रात मात्र विश्वासाच्या वीरांच्या यादीत इफ्ताह आहे, त्याच्या मुलीचा उल्लेख नाही. चार दिवसांचा शोक विस्मरणात जातो आणि यादी टिकते. फिलिस ट्रिबल या अमेरिकन विदुषीनं १९८४ साली हागार, तामार, इफ्ताहाची मुलगी आणि ही गिबाची बाई या चौघींवर पुस्तक लिहिलं, तेही शोकाचा तो धागा पुन्हा हाती घेऊन.

पंडिता रमाबाई आयुष्याच्या अखेरीपर्यंत केडगावच्या मुक्ती सदनात मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करत राहिल्या. १९२२ साली त्या गेल्या. बायबल त्यानंतर प्रसिद्ध झालं. छपाईचं काम मुक्तीतल्याच मुली आणि बाया करत. त्यांत बालविधवा होत्या, दुष्काळात उचलून आणलेल्या होत्या, घरच्यांनी टाकलेल्या होत्या. शास्त्यांचा एकोणिसावा अध्याय रमाबाईंनी गाळला नाही. कोणत्या तरी दिवशी कोणा मुलीनं शिशाचे खिळे एकेक उचलून तो जुळवला असेल: दार, पहाट, उंबरा, हात. घाईनं ते काम होत नाही. प्रत्येक अक्षरापाशी थांबावं लागतं.