दाराचं कुलूप आणि घरातली माणसं

परवा पुतण्यानं घरात कॉम्प्युटर आणला. परभणीहून, जुनाच, पण चालू स्थितीतला. मुलगी अकरावीत आहे, तिच्या अभ्यासासाठी. राणीसावरगावच्या आमच्या घरात ज्या कोपऱ्यात पूर्वी ज्वारीची पोती रचलेली असत, तिथं टेबल मांडलं गेलं. हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. दुसऱ्याच दिवशी पडद्यावर लाल चौकट उमटली : यंत्रात व्हायरस आहेत, ताबडतोब पैसे भरा. पुतण्या धावत माझ्याकडं आला. ‘‘काका, तुमचा जन्म बँकेत गेला. कोणता अँटिव्हायरस घ्यावा म्हणता?’’

प्रश्न साधा होता. पण उत्तर देण्याआधी मला माझ्या दोन फजित्या आठवल्या.

पहिली बँकेतली. रंगराजन समितीनं १९८४ साली बँकांत यंत्रं आणायची शिफारस केली, तेव्हा मी नवखा कारकून होतो. ‘कॉम्प्युटर हटाव’च्या घोषणा मीही दिल्या. पुढं अधिकारी झालो आणि यंत्र माझ्याच टेबलाशेजारी येऊन बसलं. एके दिवशी कुणीतरी बाहेरून आणलेली फ्लॉपी त्यात घातली आणि तिमाही पत्रकं नाहीशी झाली. तीन रात्री जागून आम्ही ती पुन्हा भरली. भरू शकलो, कारण लाल कापडी बांधणीच्या खातेवह्या अजून कपाटात होत्या.

दुसरी फजिती निवृत्तीनंतरची. कादंबरीची सव्वाशे पानं कॉम्प्युटरवर लिहून झाली होती. एक ई-मेल आली, विषय : ‘पुरस्कार’. सोबत एक फाइल. पैसे मोजून घेतलेल्या अँटिव्हायरसनं रीतसर इशारा दिला. पण पुरस्कार म्हटल्यावर लेखकाला कुठला धीर? इशारा बाजूला सारून मी फाइल उघडली. तासाभरात सगळी पानं कुलूपबंद झाली आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी आली. या वेळी कपाटात खातेवही नव्हती. ती कादंबरी मी पुन्हा लिहिली, पण ती वेगळीच झाली. गेलेली पानं गेलीच.

व्हायरसचा इतिहास पाहिला तरी हेच दिसतं. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला. आयबीएम पीसीच्या जातीतल्या यंत्रांवरचा तो पहिला मानला जातो आणि तो फ्लॉपीतून पसरला. ४ मे २००० रोजी जगभर धुमाकूळ घालणारा व्हायरस तर चक्क प्रेमपत्राच्या रूपात आला होता. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’नं मात्र कुणाला भुलवण्याचीही तसदी घेतली नाही. मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी देऊन ठेवलेली दुरुस्ती ज्यांनी बसवली नव्हती, त्यांच्या यंत्रांत तो शिरला.

दोन भावांचीच एक गोष्ट आपल्या मातीतलीही आहे. दहावीनंतर शिक्षण सोडून कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. धाकटे बंधू संजय कॉम्प्युटर शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडू लागले, तसा संजय यांनी त्यांवर उतारा लिहिला. १९९०च्या दशकाच्या मध्यावर त्यातूनच ‘क्विक हील’ उभं राहिलं आणि २०१६ साली त्या कंपनीचे शेअर बाजारात आले. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण अभिमान वेगळा आणि खरेदी वेगळी, हे बँकेत कर्जाचे अर्ज वाचताना मी शिकलो.

म्हणून पुतण्याला म्हणालो, आधी ती लाल चौकट बंद कर. दारात येऊन ‘तुमच्या घरात साप आहे, पैसे द्या’ म्हणणाऱ्याला आपण सर्पमित्र समजत नाही. मग विंडोज कोणतं आहे ते बघ. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. चौकट कुजलेल्या दाराला महागडं कुलूप लावून काय उपयोग? विंडोज ८पासून मायक्रोसॉफ्टचा ‘डिफेंडर’ आतच येतो, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. तो चालू असेल आणि यंत्र वेळच्या वेळी अद्ययावत होत असेल, तर अभ्यासाच्या यंत्राला बहुधा तेवढं पुरतं. मुलांवर लक्ष ठेवण्याची सोय हवी, अडचणीत मराठीतून बोलणारा माणूस हवा, तर विकतचा जरूर घे. पण दुकानदाराच्या शब्दावर नको. जर्मनीची ‘एव्ही-टेस्ट’, ऑस्ट्रियाची ‘एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज’ या संस्था अशा अँटिव्हायरसांच्या चाचण्या घेतात, त्यांचे निकाल पाहा. पहिल्या वर्षाची सवलत न पाहता दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरण किती, ते विचार. आणि दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नकोस. दोन रखवालदार एकमेकांनाच चोर समजून भांडत बसतात.

तरीही कुलूप म्हणजे सुरक्षितता नव्हे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये अशाच हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बँकेची ही गत, तर आपलं काय? शिवाय फोनवर पोलिसांचा आव आणून ‘डिजिटल अटक’ करणाऱ्याला कोणता अँटिव्हायरस अडवणार? तिथं आपणच आतून कडी काढून देत असतो. असं काही घडलंच, तर लाजून गप्प न बसता १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. मीही माझी फजिती पुष्कळ दिवस घरात सांगितली नव्हती. वेळीच सांगितली असती, तर निदान दुसरं कुणी सावध झालं असतं.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोन अधिकाऱ्यांकडं. कुणा एकाचा मोह किंवा घाई तिजोरी उघडू शकत नाही. आमच्या घरात आता तोच नियम केला आहे. अनोळखी फाइल उघडायची तर दुसऱ्याला हाक मारायची, मग तो वयानं लहान का असेना. आणि दर रविवारी सगळ्याची नक्कल वेगळ्या डिस्कवर उतरवायची, तार काढून ठेवायची.

ती डिस्क लोखंडी कपाटात असते. किल्ली नातीकडं आहे. गेल्या रविवारी मी नव्या कादंबरीची पानं तिच्या हवाली केली, तेव्हा तिनं विचारलं, ‘‘आबा, ई-मेल कोणती उघडली नाही ना?’’ साठी ओलांडलेला, निवृत्त अधिकारी असलेला मी शाळकरी पोरासारखा ‘नाही’ म्हणालो. पुतण्यानं अजून अँटिव्हायरस विकत घेतलेला नाही. पण हा प्रश्न घरात विचारला जातो, म्हणून मी निर्धास्त आहे.